मदत हवी आहे: इंटर्नशिपमध्ये सलग शिकवायलाच मिळत नाही

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांप्रमाणे २० आठवडे शाळेत काढायचे, त्यातले १६ याच वर्षी. ५ आठवडे संपले, पण माझ्या वाट्याला फक्त ऑफ तास आणि हजेरीपटाच्या बेरजा.

परवा सहावीच्या ऑफ तासाला एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शून्यातून वजा कसं करायचं?" मी फळ्यावर रंकाळा तलावाच्या पायऱ्या काढल्या, पाण्याखालच्या त्या ऋण. तिला झटकन कळलं! पण मागं बसून पाठ बघायला, चुका सांगायला कुणीच नव्हतं.

एक अख्खा घटक द्या आणि विषयशिक्षकांनी माझे पाठ बघावेत, हे मुख्याध्यापकांना कसं सांगू? आधी स्वतः बोलू, की कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडमना सांगू? सर तसे चांगले आहेत, त्यांना दुखवायचं नाही. अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगा.