मे महिन्यात ८० वॅटचा चार्जर कपाटात ठेवा

ताटी_आणि_थर्मिस्टर (धागा)

माझं मत: एप्रिल ते जून नागपुरात ८०-१०० वॅटच्या चार्जरचं काही काम नाही. १० ते १८ वॅटचा लावा, ८० टक्क्यांवर चार्जिंग तोडा, पाऊस आला की मोठा परत काढा.

कारण साधं आहे. फोनला पंखा नाही. आतली उष्णता पाठीतून हवेत जाते, आणि किती जाते ते पाठ अन् हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर आणि पाठ ४० वर असेल तर फरक १५ चा. मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावर नुसत्या पंख्याखाली खोली ३८ धरा. फरक उरला २. फोन तोच, पण हवेत टाकायची ताकद सातव्या हिश्शावर आली. त्यात ८० वॅटपैकी दहा टक्के जरी उष्णतेत गेले तरी ८ वॅट, ते जाणार कुठे?

लिथियम सेल दोन गोष्टींनी लवकर म्हातारा होतो, उष्णता आणि भरलेपण. पूर्ण भरलेला सेल आजकाल ४.४ व्होल्टच्या आसपास असतो. त्या ताणावर आत नको त्या रासायनिक क्रिया चालू राहतात, आणि ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना त्यांचा वेग दुप्पट होतो. ४३ अंशांवर १०० टक्के भरलेला फोन गादीवर पडून असणं ही दोन्हींची बेरीज.

डबल_तर्री

भाऊ, फोनले तुझ्याहून जास्त समजते. सेलले चिकटून थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर असते, ते गरम झालं की फोन स्वतःच करंट कमी मागतो. चार्जर वॅट ढकलत नाही, फोन ओढतो. ४५ अंशांच्या वर करंट अन् व्होल्टेज उतरवायचे, ६० ले बंद, हे जपानी उद्योगसंघटनांनी २००७ मध्येच लिहून ठेवलं. बहुतेक फोन तर त्याच्या आधीच आवरतात. मग चार्जर कपाटात काहून ठेवायचा?

अन् तुझे ८ वॅट चुकीचे आहेत. नवीन फोनमध्ये व्होल्टेज अर्धा करणारा चार्ज पंप असते, त्याची कार्यक्षमता ९६-९८ टक्के. ११ व्होल्ट ७.३ अँपिअरवाल्या ८० वॅटच्या पद्धतीत बऱ्याचदा बॅटरीचे दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे व्होल्टेज उतरवायचं काम आणखीच कमी. उलट तुझा ९ व्होल्टचा १८ वॅटवाला स्वस्त फोनच्या आत ९ चे ४ करते, ती उष्णता कोणाच्या पाठीत जाते?

८० टक्क्यांवर तोडायचं म्हणजे पोळी वाढतानाच चतकोर काढून ठेवायची. ५००० एमएएचचा फोन ४००० चा करून वापरायचा, कारण दोन वर्षांनी तो ४००० चा होईल म्हणे!

ताटी_आणि_थर्मिस्टर

चार्ज पंपाचा मुद्दा मान्य, ८ वॅट जास्त धरले. पण पंप म्हणजे सेल नव्हे. सेलला स्वतःचा रोध असतो आणि त्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट केला की उष्णतेचा वेग चौपट, वेळ निम्मा. म्हणजे तेवढंच चार्जिंग करून एकूण उष्णता दुप्पट. ‘लवकर संपलं म्हणून कमी तापलं’ असं कोणी म्हणेल, तर ते गणितात बसत नाही.

आणि फोन आवरतो ना, तो कुठे आवरतो ते पाहा. मर्यादेला टेकल्यावर आवरतो आणि मग तिथेच टेकून बसतो. गाडी रेड लाइनला लावून ‘लिमिटर आहे ना’ म्हणण्यासारखं आहे हे.

सोल्डर_विक

दोघंही मोजत का नाही? डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. केबलने जोडला तर तो लॅपटॉपवरूनच चार्ज होत राहील, म्हणून वायफायवरून एडीबी (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा द्यायचं साधन) जोडा आणि ‘डम्पसिस बॅटरी’ची आज्ञा द्या. तापमानाच्या ओळीत ३८२ असं काही दिसेल. दशांश चिन्ह नसतं, ते ३८.२ अंश आहेत. त्याखाली-वर व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, ४३१० म्हणजे ४.३१. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा, २० पासून ८० टक्क्यांपर्यंत. एकदा कव्हर घालून, एकदा काढून. एकदा गादीवर, एकदा ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ही तुलना झाल्याशिवाय वॅटवर भांडू नका.

मात्र एका सेन्सरवर डोळे मिटून विश्वासही नको. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. फोनमधलं थर्मिस्टर बॅटरीच्या एका टोकाला असतं, दुसरं टोक प्रोसेसरजवळ असेल तर ते जास्त तापलेलं असू शकतं.

अजून एक. ‘सावकाश’ चार्जिंगसाठी नवा चार्जर विकत घेऊ नका. ८० वॅटच्या ठोकळ्याला त्याच कंपनीची जाड केबल लागते, साधी यूएसबी ए-टू-सी केबल लावली की तोच ठोकळा खाली उतरतो. सॅमसंगमध्ये तर बॅटरीच्या चार्जिंग सेटिंग्जमध्ये फास्ट चार्जिंगचं बटणच आहे, बंद करा. फक्त सीताबर्डीच्या फुटपाथवरची केसासारख्या तारेची केबल घेऊ नका. तिच्यात व्होल्टेज पडतो आणि प्लग तापतो. दहा मिनिटांनी प्लगला बोट लावा. चटका बसला तर केबल फेका.

वायरलेस चार्जिंगबद्दल विचारूच नका. कॉइल थोडी सरकली की बरीच वीज पाठ शेकण्यात जाते.

गचाळ_पिंग

गेमिंगवाल्यांना हा ‘१० वॅट’चा सल्ला उलटा पडतो. सॅमसंगच्या गेम बूस्टरमध्ये ‘पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ आहे. ते चालू केलं की वीज बॅटरीत न जाता थेट फोनला जाते. सेल भरणं बंद, म्हणून त्याची उष्णताही बंद. पण त्यासाठी पीडी-पीपीएसवाला (फोन मागेल तसा व्होल्टेज बदलणारा) २५ वॅटचा किंवा मोठा चार्जर लागतो आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर लागते. १० वॅटचा जुना ठोकळा लावाल तर हा पर्यायच चालणार नाही, फोन खेळतही राहील आणि भरतही राहील. बीजीएमआयसारखा गेम लावून कव्हरसकट चार्ज करणाऱ्याने वॅटवर बोलूच नये.

डबल_तर्री

घ्या. आता मोठा चार्जर बॅटरी वाचवून राहिला.

खसखस_नाही_खस

वॅट राहू द्या, वेळ बदला. इथे स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टीसारखा असतो, म्हणून झोपताना लावणं हीच सगळ्यात वाईट सवय. तापलेल्या खोलीत फोन दीड तासात भरतो आणि उरलेली रात्र १०० टक्क्यांवर पडून राहतो. पहाटे पाचला लावा. हवा दिवसातली सगळ्यात थंड तेव्हाच असते आणि क्लासला निघेपर्यंत भरून होतो.

कूलरसमोर ठेवणाऱ्यांसाठी: कोरड्या उन्हाळ्यात कूलरची हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश थंड मिळते, म्हणून कल्पना चांगली आहे. पण फोन झोतात बाजूला, दोन-तीन हात दूर. कूलरच्या ताटीतून (गवताच्या ओल्या पडद्यातून) तुषार येत असतील तर पोर्टमध्ये ओल जाते, फोन ओलाव्याचा इशारा देऊन चार्जिंग थांबवतो. मग लोक त्यात टाचणी घालतात आणि पिन वाकवतात. आणि एक्स्टेन्शन बोर्ड कूलरच्या पत्र्यावर कधीच ठेवू नका. पंपाची वायर गळत असेल, अर्थिंग नसेल, तर पत्र्यात करंट असतो. पाणी भरताना आधी प्लग काढा.

फ्रीजमध्ये फोन ठेवणारेही आहेत. बाहेर काढल्याबरोबर आत-बाहेर दव जमतं. नका करू.

डबल_तर्री

पहाटेचं पटलं. पण संध्याकाळी वादळ आलं, लाइन गेली अन् वीस मिनिटांसाठी आली, तर १० वॅटवर किती भरणार? ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास. १० वॅटने वीस मिनिटांत तीन-साडेतीन, म्हणजे १७ टक्के. ते पण तोटा न धरता. तेव्हा मोठा चार्जर हाताशी पाहिजेच. कपाटात नाही, टेबलावर.

अन् खरा गुन्हेगार कोणीच नाही बोलला: ॲक्टिवाच्या आरशाले लावलेलं होल्डर. दुपारी दोनले वर्धा रोडवर, स्क्रीन फुल ब्राइट, मॅप चालू, डेटा चालू, वरून ऊन. ॲपल तर आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरा म्हणते. तिथं ८० टक्क्यांची मर्यादा काय करणार? डिक्कीतही नका टाकू, पेट्रोल स्कूटरच्या डिक्कीखाली इंजिन असते.

ताटी_आणि_थर्मिस्टर

होल्डरचं शंभर टक्के बरोबर. लाइनचंही. धाग्याचं नाव बदलता येत नाही, नाहीतर ‘कपाटात’ काढून ‘टेबलावर’ केलं असतं. ८० टक्के मात्र सोडत नाही: घरी असलेल्या दिवशी ८०, गावाला जायचं तर १००, आणि महिन्यातून एकदा पूर्ण भरा, नाहीतर टक्क्यांचा काटा चुकायला लागतो.

सोल्डर_विक

जाता जाता, फोन टेबलावर उताणा ठेवून कोपऱ्यावर हलकं दाबा. डुगडुगला, किंवा स्क्रीनच्या कडेने उजेडाची फट दिसली, तर सेल फुगला आहे. मग ना १० वॅट ना ८०, चार्जिंग बंद. टोचायचा नाही, दाबायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

डबल_तर्री

माझा डुगडुगून राहिला बे. थांब, कॅमेऱ्याचा उंचवटा आहे का ते पाहतो.

सोल्डर_विक

उंचवटाच असेल, पण पालथा करून पाहा. कॅमेरा वर आला तरी डुगडुगला तर सांग.