मदत हवी आहे : सुबाभळीच्या पाल्याचा मुरघास काळा पडतोय, वास मारतोय

राम राम मंडळी,

आमची सांगोल्याकडे कोरडवाहू जमीन, उस्मानाबादी शेळ्या आहेत. बांधाला सुबाभूळ आणि शेवरी दाट आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाला शेळ्यांना खाऊन सरत नाही, आणि एप्रिल-मे आला की नुसत्या कडब्यावर भागवावं लागतं. तेव्हा मक्याला पाणी कुठून आणायचं? म्हणून पाल्याचाच मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला ओला चारा, करून ठेवायचं ठरवलं.

मक्याचा मुरघास आम्हाला छान जमतो. तसंच केलं : कोवळ्या फांद्यांसकट पाला कडबाकुट्टीतून काढला, त्याच दिवशी बॅगांत भरला, तुडवला, तोंडं घट्ट बांधली. दोन महिन्यांनी उघडलं तर तळाला काळं पाणी, पाला हाताला चिकट, आणि खवट लोण्यासारखा भपका. शेळ्या हुंगून मागे फिरतात. एक बॅग मात्र सुंदर निघाली, पिवळसर हिरवी, चिंचेसारखा आंबट वास. तिचा पाला उघडिपीत तोडलेला होता, बाकीचा पावसात भिजलेला. एवढाच फरक मला दिसतो.

पाला सुकवायचा का आणि किती? गूळ घालावा का? सुबाभळीतल्या विषाचं मुरघासात काय होतं? गाभण शेळ्या आहेत, म्हणून जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद

दादा, तुमच्या त्या एका बॅगेतच उत्तर आहे. मका गोड असतो. त्यातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, सामू (पीएच) ४ च्या आसपास येतो आणि कूज थांबते. सुबाभूळ, शेवरी द्विदल आहेत. प्रथिनं भरपूर, साखर कमी, शिवाय या पाल्याचा गुण असा की तयार झालेलं आम्ल तो जिरवून टाकतो, सामू खाली यायला वेळ लागतो. त्यात पाला ओला असला की वेगळेच जिवाणू माजतात. खवट लोण्याचा वास ब्युटिरिक आम्लाचा, तो त्यांचाच.

म्हणून आधी ओल कमी करा. फांद्या तोडून ताडपत्रीवर सावलीत पसरा, अर्धा-एक दिवस. ताडपत्री हवीच, कारण सुबाभळीची बारीक पानं सुकताच गळतात आणि खरं पोषण त्यांतच असतं. गळलेली पानं गोळा करून कुट्टीत मिसळा. मग कुट्टी मुठीत अर्धा मिनिट दाबून धरा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि रस सुटला तर अजून ओली आहे. गोळा हळूहळू सुटला, हात फक्त दमट झाला, की भरा. कुट्टी अर्धा-पाऊण इंचाची, जाड काड्या वेगळ्या काढा, नाहीतर बॅगेला भोक पडतं.

गूळ घालाच. १०० किलो पाल्याला ३ ते ४ किलो, जेमतेम विरघळेल एवढ्या पाण्यात, थराथरावर शिंपडून. त्याहून चांगली वाट म्हणजे खरिपातला मका. दाणे चिकात आले की दोन भाग मका, एक भाग पाला असं एकत्र भरा. मक्याची साखर आणि पाल्याची प्रथिनं दोन्ही मिळतात, गुळाचा खर्चही वाचतो.

विष म्हणजे मायमोसीन. सुकवल्याने आणि आंबवल्याने ते घटतं, पण पूर्ण जात नाही. एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा. केस गळणं, लाळ, गळ्याला गाठ दिसली तर लगेच बंद.

प्रतिसाद

दादा, वरचं सगळं बरोबर आहे, पण आधी त्या खराब बॅगा बाजूला करा. बुरशी आलेला, कुजलेला मुरघास शेळ्यांना देऊच नका, गाभणींना तर अजिबात नाही. अशा मुरघासात लिस्टेरियाचे जंतू वाढतात. शेळी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरायला लागते, गाभण असली तर गाभ पडतो. वरचा थर काढून खालचं देऊ, असं करू नका. खड्ड्यात पुरून टाका, शेळ्या उकरणार नाहीत इतकं खोल.

चांगल्या बॅगेतला मुरघास सुरुवातीला मूठभर, कडब्यात मिसळून द्या आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. उघडलेली बॅग रोज वापरा, हवा लागली की दोन-तीन दिवसांत गरम होते. करडांना तीन महिन्यांपर्यंत नको.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. खराब बॅगा आजच पुरतो. शेवरीचंही हेच प्रमाण चालेल का? तिच्यात मायमोसीन नसतं ना? आणि पाऊस लागून राहिला, सुकवायला जागाच मिळाली नाही, तर कुट्टीत गव्हाचा भुसा किंवा कडब्याचा चुरा मिसळून ओल शोषली जाते का, हे कोणी करून पाहिलंय का? ऑगस्टमध्ये आमच्याकडे झड कधी लागेल सांगता येत नाही, आणि पाला तर तेव्हाच सर्वात कोवळा असतो.