साखर पेठ सोडून कुठं जावं? पुढची पंधरा-वीस वर्षं डोळ्यासमोर ठेवून सांगा

पेठेतला_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत. खाली माग, वर आम्ही, असंच वाढलो. कोरोनानंतर नानांनी माग विकले. आता खालची खोली रिकामी आहे, शेजारी मात्र टॉवेलचे माग जोरात चालू. मी इतकी वर्षं पुण्यात होतो, कंपनीनं घरून काम कायमचं दिलंय. बायको बँकेत, तिची बदली सोलापूरला झालीय. दोन मुलं आहेत, आईचे गुडघे गेलेत, त्यामुळं जिना नको.

बघून ठेवलेल्या जागा अशा: विजापूर रोडकडं जुळे सोलापुरात जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट, पुणे रस्त्याला बाळे गावाच्या पुढं हायवेजवळ रो-हाऊस, मजरेवाडीच्या बाजूला मोकळा प्लॉट.

घरात एकमत होत नाही. नाना म्हणतात, विजापूर रोडला सैफुलच्या पुढं माणूस राहतो का? त्यांच्या डोक्यात तिथं अजून जोंधळाच उभा आहे. मेहुणा म्हणतो, पूर्व भागात, म्हणजे आपल्या पेठेकडं, आता राहतं कोण? एखाद्या भागाला नाव कधी येतं आणि कधी जातं, हे आधी ओळखायला काही मार्ग आहे का? दर काय चाललाय ते एजंट सांगतोच, ते नको.

फ्लॅट_बघा_ओ

काय एवढा विचार करलालाव ओ! जुळे सोलापूर घ्या आणि मोकळे व्हा. शाळा, क्लास, दवाखाना, हॉटेल, सगळं पायाखाली. उद्या विकायचं म्हटलं तरी आठवड्यात गिऱ्हाईक दारात.

चावीवाला_काका

पोरा, मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम करायचो. आता निवृत्त आहे. लांब दांड्याची चावी आणि सायकल, पुढं लुना, एवढ्या भांडवलावर निम्मं सोलापूर रात्री-अपरात्री पालथं घातलंय. लोकांना भाग आठवतो तो चौकावरून, मला आठवतो तो टाकीवरून. तेव्हा माझं उत्तर पाण्याच्या बाजूनं येणार, हे धरून वाच.

सोलापूरला पाणी तीन वाटांनी येतं. हिप्परग्याच्या एकरुख तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात येतं, ही जुनी वाट. दुसरी भीमेवरची. टाकळीला उपसा होतो आणि पाणी सोरेगावला जातं. तिसरी उजनीहून पाकणीला येणारी शंभरावर किलोमीटरची पाइपलाइन. टाकळीचं पाणी औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांच्या जिवावर. बंधारे तळाला गेले की उजनीतून नदीत पाणी सोडायचं, आणि ते वाळू मुरवत, वाटेतल्या मोटारींना चुकवत इथवर पोचायचं. पुण्यात तू ‘आज पाणी येणार नाही’ अशी बातमी वाचत असशील. आमच्याकडं उलटं, ‘आज पाणी येणार’ ही बातमी. पाहुणे कधी बोलवायचे आणि गोधड्या कधी धुवायच्या, हे पाण्याच्या वारावर ठरतं.

आता तुझ्या नानांचं. त्यांचं चुकत नाही, फक्त ते जुनं आहे. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावं शहरात आली. एका सहीनं गाव शहर झालं, पण पाइप सहीनं जात नाही. बाळ्याला शहरातला माणूस जायचा तो मार्गशीर्षात खंडोबाला. यळकोट म्हणायचं, भंडारा उधळायचा आणि अंधार पडायच्या आत परत. मुक्कामाची गोष्ट कुणी काढत नसे. मग २००४ साली केगावला विद्यापीठ आलं, पुढं पुण्याचा रस्ता चौपदरी झाला, तेव्हा तिकडं मेस निघाल्या, झेरॉक्सची दुकानं निघाली, पोरांना खोल्या द्यायला म्हणून लोकांनी वर मजले चढवले. आज त्याच रस्त्यावरच्या रो-हाऊसची जाहिरात तू बघतोयस.

आणि मेहुण्याचं ऐकून पूर्व भागाला नावं ठेवू नकोस. आमच्या वडिलांच्या काळात सोलापुरात मुलगी द्यायची तर विचारायचे, पोरगा कुठल्या मिलमध्ये? मुरारजी गोकुळदासांची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. मिलच्या चाळीत खोली म्हणजे बंगल्याएवढी इज्जत. पगाराचा वार ठरलेला, भोंग्यावर गावाचं घड्याळ. जुनी मिल आधीच बंद पडली होती, नव्वदीत आणि त्याच्या पुढं-मागं बाकीच्याही एकेक करून बंद पडल्या. चाळ तीच, नळ तोच, माणसंही तीच, पण सोयरिकीला आलेला पाहुणा चहा पिऊन उठायला लागला. आणि आज जुन्या मिलच्या आवारात जागा घ्यायची म्हटलं तर तुझ्या पुण्याच्या पगाराला घाम फुटेल. एका जागेनं एवढ्या वर्षांत तीन वेळा नाव बदललं, त्यात चाळीतल्या माणसाचा गुण ना दोष.

माझं निरीक्षण असं, की भागाचं नाव हे दहा-बारा वर्षं उशिरा येणारं पत्र आहे. तुला कळतं तोवर लिहिणाऱ्याची तब्येत बदललेली असते. जुळे सोलापूरला नाव यायच्या आधी काय आलं? शिक्षकांच्या, बँकवाल्यांच्या, सरकारी नोकरांच्या सोसायट्या आल्या. या लोकांना नेमणुकीचं पत्र, कर्ज आणि अर्ज लिहायची सवय, तिन्ही असतं. नळाला पाणी नाही आलं तर पेठेतला माणूस मला गल्लीत गाठून शिव्या घालायचा. विजापूर रोडचा माणूस टाइप केलेला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायचा. शिवी हवेत जाते, अर्ज फायलीत राहतो. टाकी कुठं बांधायची हे शेवटी फायलीत ठरतं. हे बरं आहे असं मी म्हणत नाही, माझं अर्धं आयुष्य शिव्या घालणाऱ्यांतच गेलं आणि चहाही त्यांनीच पाजला.

मजरेवाडीच्या प्लॉटबद्दल एकच, पण ते दोनदा वाच. गुंठेवारी आहे का बघ. हद्दवाढीत शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली. ना मंजूर लेआउट, ना रस्त्याची रुंदी, ना गटाराचा उतार. नियमित करायला २००१ चा कायदा आहे, पण कागद नियमित झाला म्हणून पंधरा फुटाचा बोळ तीस फूट होत नाही. ड्रेनेज नसेल तर शोषखड्डा. तो भरला की पावसाळ्यात शेजाऱ्याचं आणि तुझं एक होतं.

सात_रस्ता_जुना

काकांचा अनुभव मोठा आहे, पण सगळं पाण्यावर तोलणं मला पटत नाही. आम्ही रेल्वे लाइन्स भागात तीन पिढ्या. पाण्याची तशी कधी फार ओरड नव्हती. आजही ‘रेल्वे लाइन्स’ म्हटलं की समोरचा खुर्ची पुढं करतो, दर आभाळाला. पण राहायचं कसं ते विचारा! बंगले गेले, दवाखाने आले. फाटकासमोर कायम कुणाची तरी गाडी, सलाइनच्या बाटल्या घेऊन पळणारे नातेवाईक, रात्री दोनला ॲम्ब्युलन्स. दिवाळीत फराळाचं ताट द्यायला शेजारी घरच उरलं नाही, एका बाजूला पॅथॉलॉजी, दुसऱ्या बाजूला मेडिकल. नवी पेठेतही तेच, वर राहणारे कमी, गोडाऊन जास्त. दर चढला आणि घरपण गेलं, असंही होतं. प्रश्नकर्त्यानं फ्लॅटच्या आजूबाजूला किती घरात संध्याकाळी दिवा लागतो ते बघावं.

चावीवाला_काका

साहेब, मान्य. दवाखान्यांच्या गल्लीत व्हॉल्व्ह सोडायला मला गाड्या हलवायलाच अर्धा तास लागायचा.

घरकुलची_अक्का

मी गोदूताई परुळेकर घरकुलात राहते, कुंभारीला. पेठ, जुळे सोलापूर, रेल्वे लाइन्स, सगळ्यांचं बोलून झालं, आता आमचंही ऐका.

२००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग येऊन या वसाहतीच्या चाव्या देऊन गेले, दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. आई साखर पेठेतच भाड्याच्या खोलीत विड्या वळायची, म्हणजे पेठेतल्या_पोराची शेजारीणच. स्वतःच्या नावाचं घर मिळालं म्हणून ती आठवडाभर भिंतीला हात लावून बघत होती. पण विडी कारखान्याची ब्रँच राहिली पेठेत. पान-तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या द्यायच्या, त्यासाठी डोक्यावर टोपलं घेऊन रिक्षात. वळलेल्या हजाराच्या मजुरीतून रिक्षाचं भाडं गेलं की उरायचं काय? कितीतरी बायकांनी घराला कुलूप लावलं आणि परत पेठेत भाड्यानं गेल्या. तेव्हा लोक म्हणायचे, बघा, फुकट दिलं की असंच होतं. फुकट नव्हतं ओ, हप्ते भरलेत आम्ही.

मग हळूहळू ब्रँच इकडं सरकल्या, बाजार भरायला लागला, पुढच्या मोकळ्या जागेत लोकांनी खोल्या काढल्या. शिलाईची मशिनं आली, मोबाइलची दुकानं आली. माझ्या आतेभावाचं पार्लर आहे, लग्नसराईत नंबर लागत नाही. शाळा चालते, त्यातल्या मुली नर्सिंगला, बी.एस्सी.ला जातात. पण अजूनही ‘घरकुलात राहता?’ असं विचारताना समोरच्याचा आवाज जरा खाली जातो. आमच्यात सुधारणा झाली ती आम्ही बघितली, शहरानं बघितली नाही, कारण शहर इकडं येतच नाही. २०२४ च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरं दिली, तीही कुंभारीलाच. तेव्हा टीव्हीवाले आले होते, दोन दिवस होते.

सेटलमेंटवाल्यांना विचारा. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून माणसं जातीवरून गुन्हेगार ठरवली, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवली, मिलमध्ये राबवली. कायदा १९५२ ला गेला. माझ्या वर्गात तिथली मुलगी होती, ती पत्ता सांगताना शेजारच्या नगराचं नाव सांगायची. चावीवाला काका दहा-बारा वर्षं म्हणतात, काही पत्रांना सत्तर वर्षंही पुरत नाहीत.

पेठेतल्या_पोरा, तुझ्या आईचे गुडघे आणि नानांची गप्पांची माणसं, दोन्ही बघ. पद्मशाली समाजातली वयस्कर माणसं कन्ना चौकात तेलुगूत बोलत बसतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागं चालतात. त्यांना बाळ्याच्या रो-हाऊसमध्ये नेऊन ठेवलं तर टीव्ही बघत बसतील.

फ्लॅट_बघा_ओ

अक्का, एकदम बरोबर. तरी होटगी रोडकडं लक्ष ठेवा. विमानाला अडसर म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. तिकडचं चित्र बदलणार.

चावीवाला_काका

विमानाचं म्हणशील तर चिमणी पडायच्या आधीच तिथल्या प्लॉटवाल्यांनी दर वाढवून ठेवले. ज्या बातमीवर एजंट बोलतो ती बातमी दरात आधीच धरलेली असते. पोरानं घर घ्यायचंय, विमान नव्हे.

पेठेतला_पोरगा

सगळ्यांचे आभार. अक्का, तुमचं वाचून आईला दाखवलं, तिला तुमच्या आईची गल्ली ओळखीची निघाली. प्लॉट गुंठेवारीचाच आहे, काल कागद बघितले, तो विषय बंद. बाळे नानांना लांब पडेल. राहिला जुळे सोलापूरचा फ्लॅट, नाहीतर पेठेतच राहून खालच्या मागाच्या खोलीत आई-नानांची सोय करायची आणि वर आम्ही, हा विचार बायकोनं काढलाय. शेजारच्या मागांचा आवाज मुलांच्या अभ्यासाला नडेल, एवढीच भीती. काका, फ्लॅट बघायला जाताना काय विचारू?

चावीवाला_काका

एजंट सोबत नेऊ नकोस. पाण्याच्या वारी जा, वार तिथल्या किराणावाल्याला विचार. घागर, पिंप भरायला बाहेर आलेल्या बाईला विचार, पाणी किती वेळ राहतं आणि मोटर लावल्याशिवाय वर चढतं का. इमारतीचा हौद उघडून आत डोकाव, गाळ किती बसलाय तो बघ. बोअर असेल तर मे महिन्यात चालू होती का ते वॉचमनला विचार, मालकाला नको. मग गल्लीच्या दोन्ही टोकांना चालत जा. लाइन ज्या टोकानं आत शिरते तिथली माणसं निवांत असतात, शेपटाकडची दारात उभी असतात. आणि भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला ओलीची रेघ दिसली तर ती नाल्याची, रंगाखाली लपवलेली असली तरी हात फिरवला की पोपडा येतो.

पेठेतच राहायचं ठरलं तर खालच्या खोलीची जमीन आधी बघ. माग उचलल्यावर खड्डे राहतात आणि तेलाचा थर असतो, तुझ्या आईचा पाय घसरेल. वरवर फरशी टाकू नकोस, खाली खरवडून घे. खिडक्या शेजारच्या मागाकडं असतील तर त्या बुजवून हवा गल्लीकडून घे.

फ्लॅटला कुठल्या टाकीचं पाणी येतं ते विचारून इथं लिही. लाइन कुठून वळते ते मी सांगतो.