मदत हवी आहे : केसर आंब्याच्या अरुंद बेचक्याचे काय करावे?

नमस्कार. अंबाजोगाईजवळच्या आमच्या शेतात केसर आंब्याची कलमे 5 बाय 3 मीटरवर लावून दोन वर्षे झाली. पहिल्या वर्षी जमिनीपासून साधारण 70 सेंटीमीटरवर शेंडा छाटून चार दिशांना चार फांद्या राखल्या आणि कलमाच्या सांध्याखाली येणारे खुंटाचे फुटवे वेळोवेळी काढले. बहुतेक झाडे छान पसरली आहेत. मात्र दहा-बारा झाडांत दोन फांद्या एकाच ठिकाणाहून अगदी जवळजवळ फुटून सरळ वर गेल्या असून, त्यांच्या बेचक्यात साल आत दबलेली दिसते. मागच्या वळवाच्या पावसात असेच एक झाड वाऱ्याने उभे चिरले, त्यामुळे उरलेल्यांची फार काळजी वाटते.

आता अंगठ्याएवढी जाड झालेली यांतील एक फांदी बुडातून काढावी, की सुतळीने ताण देऊन बाहेर वाकवल्यास बेचके पुढे भरून येईल? काढायचीच असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर काढावी की उघडीप मिळेपर्यंत थांबावे? कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप) लावणारच आहे. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी हे प्रमाण घेतो. ज्यांनी अशी झाडे स्वतः सावरली आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.