मधासाठी माश्या पाळणं पर्यावरणाला तारतं की मारतं?

पानगळ

नमस्कार. एका बाजूला वाचते की मधमाश्या संपल्या तर शेती संपेल, म्हणून मध विकत घ्या, पेट्या ठेवा. दुसरीकडे माझी मैत्रीण मध खातच नाही. तिचं म्हणणं असं की पाळलेल्या माश्या रानातल्या माश्यांच्या तोंडचा घास पळवतात, आणि माणसं त्यांचा मध काढून घेऊन त्यांना साखरेचं पाणी पाजतात. दोन्ही एकदम खरं कसं असेल? घरामागे थोडी मोकळी जमीन आहे. तिथे चार पेट्या ठेवायचं मनात आहे. ठेवू की नको? ज्यांनी स्वतः माश्या पाळल्यात त्यांनी जरूर लिहा.

खोडवा

"शेती संपेल" हे ताणलेलं आहे. गहू, तांदूळ, मका यांना माशी लागत नाही. आयपीबीईएस या जागतिक जैवविविधता मंचाचा २०१६ चा अहवाल बघा. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना कीटक, पक्षी, वटवाघळं यांच्या परागीभवनाचा थोडाफार तरी आधार लागतो. पण वजनाच्या हिशोबात ही पिकं एकूण उत्पादनाच्या ३५ टक्के भरतात, आणि त्यातलं थेट परागीभवनामुळे मिळणारं उत्पादन ५ ते ८ टक्के. या एवढ्याशा वाट्याची किंमत मात्र वर्षाला २३५ ते ५७७ अब्ज डॉलर. म्हणजे पोट भरेल, पण फळं, सुकामेवा, तेलबिया, कॉफी, कोको यांना मोठा फटका बसेल. आणि कोकोचं परागीभवन माशी नाही, चिलटं करतात, हेही लक्षात असू द्या.

मेणपत्रा

पानगळ, मी माश्या पाळते, मध विकते, हंगामात शेतकऱ्यांना पेट्याही देते. मध खाऊ नका असं मी सांगणार नाही. पण तुमच्या मैत्रिणीचं बरंचसं म्हणणं बरोबर आहे, आणि ते आम्हा मधपाळांनीच आधी बोलायला हवं.

पेटीतली मधमाशी हे पाळीव जनावर आहे. कोंबड्या पाळून रानातले पक्षी वाचत नाहीत, तशा पेट्या वाढवून रानातल्या माश्या वाचत नाहीत. जगात माश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत. भरपूर मध साठवणाऱ्या त्यातल्या मूठभर. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात. मादी जमिनीत बीळ करते किंवा पोकळ काडी शोधते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्याकडे ना साठा, ना मदतीला कामकरी माश्या. तिच्या हंगामात फुलोरा आटला की पुढची पिढी तेवढी घटली. माझी वसाहत मात्र तीन-तीन किलोमीटर लांबून मकरंद आणते, आणि बाहेर काहीच मिळालं नाही तर पोळ्यातल्या साठ्यावर दिवस काढते. ही बरोबरीची स्पर्धा नाही.

केन आणि टेपेडिनो या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये याचा हिशोब मांडला. ४० पेट्या तीन महिने रानात ठेवल्या, तर त्या जेवढा पराग गोळा करतात तेवढ्यात एकट्या राहणाऱ्या ४० लाख माश्या वाढल्या असत्या. पेटी उघडून चौकट वर काढली की पिल्लांच्या कडेनं पिवळ्या, केशरी, राखाडी परागानं गच्च भरलेली घरं दिसतात. पाळणाऱ्याला याहून सुखाचं दृश्य नाही. पण फुलं भरपूर असलेल्या जागी तो पराग आला असेल तर ठीक, फुलं तुटपुंजी असतील तर तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा असतो. पेटी दोन्ही वेळा सारखीच भरलेली दिसते. म्हणून पेटीकडे बघून काही ठरवू नका, आजूबाजूच्या फुलांकडे बघा.

साखरेबद्दल. टंचाईच्या काळात वसाहत उपाशी मरू नये म्हणून पाक देणं यात मला गैर वाटत नाही. पण सगळा मध ओरबाडून मग महिनोन्‌महिने पाक पाजावा लागत असेल, तर तिथे फुलांच्या मानानं पेट्या जास्त आहेत. त्या साखरेलाही शेत लागतं, पाणी लागतं, कारखाना लागतो. मधाचा पर्यावरणावरचा भार मोजायला बसाल तर ही साखर आणि पेट्या हलवणाऱ्या ट्रकचं डिझेल आधी मोजा.

ट्रकवरून आठवलं. कॅलिफोर्नियात दर फेब्रुवारीत बदामाच्या बागांसाठी देशभरातून वीस लाखांच्या आसपास पेट्या येतात. एवढ्या वसाहती एका ठिकाणी आल्या की रोग एकीकडून दुसरीकडे पसरायला मोकळं रान मिळतं. व्हरोआ हा परजीवी कोळी मूळचा आशियाई मधमाशीवरचा. माणसानं युरोपीय मधमाशी तिच्या शेजारी आणून ठेवली, तेव्हा तो हिच्यावर चढला आणि पेट्यांच्या वाहतुकीबरोबर जवळजवळ जगभर गेला. तो पंख विकृत करणारा विषाणू पसरवतो, आणि तो विषाणू आता रानातल्या बंबलबी या जाडजूड, केसाळ माश्यांमध्येही सापडतो.

बियाडं

हे सगळं मान्य, पण माझ्यासारख्यानं काय करायचं? मी कलिंगड लावतो. मादीफूल एकच दिवस उघडं असतं आणि त्याला एका भेटीत भागत नाही, पुन्हा पुन्हा माशी बसावी लागते. नाहीतर फळ वाकडं होतं नाहीतर गळतं. मी पेट्या आणल्या नाहीत तर नुकसान माझं.

मेणपत्रा

बियाडं, जरूर आणा. मोठ्या क्षेत्रावर सगळी फुलं एकदम उमलतात तेव्हा पेटीला आज तरी पर्याय नाही, आणि ते काम मधाहून मोलाचं आहे. फक्त फुलोरा संपला की पेट्या उचलायला लावा.

पण सगळा भरवसा पेटीवर ठेवू नका. २०१३ मध्ये जगभरातल्या ४१ पीकपद्धतींचा एकत्र अभ्यास झाला. रानकीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा सगळीकडे वाढली, मधमाशीच्या भेटींनी ती फक्त १४ टक्के ठिकाणी वाढली. काही फुलं तर मधमाशीला जमतच नाहीत. टोमॅटो-वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातून झटकून काढावा लागतो. फुलाला घट्ट धरून भुंगा अंग थरथरवतो तेव्हा तो बाहेर पडतो, मधमाशीला तसं थरथरता येत नाही. लसूणघासाच्या फुलात आतला दांडा उसळून माशीच्या डोक्यावर आपटतो, म्हणून मधमाशी बाजूनं सोंड घालून मकरंद पिते आणि परागीभवन राहूनच जातं.

तेव्हा बांधावरची फुलणारी तणं फुलोऱ्याच्या काळात तरी काढू नका, एखादा उन्हाचा पट्टा न नांगरता ठेवा. आणि फवारणी टाळता येत नसेल तर निदान फुलं मिटल्यावर, संध्याकाळी करा. युरोपीय संघानं २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली ती माश्यांच्याच काळजीनं.

पानगळ

मेणपत्राताई, मनापासून आभार. म्हणजे माझ्या चार पेट्या बाद?

मेणपत्रा

बाद नाही, पण आत्ता घाईनं आणू नका. माश्या आवडतात, मध हवाय, म्हणून पाळायच्या असतील तर पाळा. निसर्गाला मदत म्हणून पाळायच्या असतील तर त्या पैशांची झाडं आणि बी आणा. वर्षभर काही ना काही फुलेल असं बघा, विशेषतः एरवी काहीच फुलत नाही त्या महिन्यांत.

आधी एक हंगाम नुसतं निरीक्षण करा. ऊन असलेल्या, वारा पडलेल्या सकाळी फुलांजवळ बसा आणि कोण कोण येतंय ते टिपून ठेवा. मोकळ्या मातीत पेन्सिलीच्या जाडीची भोकं दिसली तर तिथे फरशी घालू नका, खणू नका. आजूबाजूला कुणाच्या पेट्या आहेत का तेही विचारून घ्या. आधीच बऱ्याच असतील तर थांबा. नसतील आणि फुलोरा चांगला असेल तर दोन पेट्यांपासून सुरुवात करा, जागेवरच्या जातीच्या माश्या घ्या, दुरून मागवू नका. पहिल्या वर्षी मध काढू नका. टंचाईत पेटी मागून किंचित उचलून वजनाचा अंदाज घेत जा. तेव्हाही ती जड लागली तर तुमच्या जागेला दोन वसाहती पेलतात. मग तिसरीचं बघू.