विषय: नववीचा फॉर्म, आणि मराठीला शिक्का मिळतो का?

प्रेषक: साखर पेठ (सध्या माहेरी)

अमेरिकेतल्या सोलापूरकरांच्या या ईमेल-यादीतल्या मंडळींना नमस्कार.

दीड महिना सोलापुरात आहे. पारा बेचाळिशीत, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी पंख्याखाली बसून टेक्ससच्या शाळेचा एकच मेल तिसऱ्यांदा वाचतेय. चिरंजीव ऑगस्टमध्ये नववीत जातील. शाळेने फॉर्म धाडलाय: पाच एंडॉर्समेंट, म्हणजे विषयांच्या ठरावीक वाटा, त्यांतली एक निवडायची, खाली आईवडिलांची सही. शिवाय डिप्लोम्याबरोबर मिळणाऱ्या मानांची वेगळी यादी, तिला परफॉर्मन्स ॲक्नॉलेजमेंट म्हणतात. त्यात 'बायलिंग्वलिझम अँड बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा येण्याचा मान, असं दिसलं आणि माझे डोळे चमकले. घरात आम्ही मराठीच बोलतो. मग हे आयतंच पदरात पडलं की नाही?

आणि मुलाने चौदाव्या वर्षी चुकीचा रकाना भरला तर पुढे काय? बाबांना फॉर्म दाखवला तर म्हणाले, "आमच्याकडं निदान दहावी तरी होऊ देतात बे!"

– साखर पेठ

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: जोडभावी पेठ, ह्यूस्टन

साखरपेठताई, जीव टांगणीला लावू नका. माझ्या दोन्ही पोरांचे फॉर्म भरून झालेत, थोरल्याचा तर दोनदा. एंडॉर्समेंट मागाहून बदलता येते. फक्त नव्या वाटेचे विषय उरलेल्या वर्षांत बसायला हवेत.

ही पद्धत २०१३ च्या कायद्याने आली. साधा डिप्लोमा २२ क्रेडिटचा, एंडॉर्समेंटसह २६. पाच वाटा म्हणजे स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित), बिझनेस अँड इंडस्ट्री, पब्लिक सर्व्हिसेस, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज, आणि ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याच्यासाठी मल्टिडिसिप्लिनरी. (धाकटा त्यातच गेला. मला वाईट वाटलं, त्याला नाही.) स्टेम घेतलं तर अल्जिब्रा टू (बीजगणिताचा पुढचा टप्पा), केमिस्ट्री आणि फिजिक्स सुटत नाही.

तुम्ही जिच्याकडे बघायला हवं ती ओळ वेगळीच आहे: डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट. चार क्रेडिट गणित, त्यात अल्जिब्रा टू आलंच पाहिजे, चार क्रेडिट सायन्स आणि कुठलीही एक एंडॉर्समेंट. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना जो आपोआप प्रवेश मिळतो, त्याचा नेहमीचा रस्ता इथूनच जातो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला ती टक्केवारी कमी ठेवायची मुभा आहे, ते धरून चाला. मुलगा हुशार असून अल्जिब्रा टू नाही, असं झालं तर हातातोंडाशी आलेला घास जातो. आमच्या ओळखीत झालंय.

बाकी मान: ड्युअल क्रेडिटचे, म्हणजे शाळेत असतानाच केलेले, कॉलेजातले १२ तास चांगल्या ग्रेडने, एपीत (शाळेत द्यायच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांत) पाचपैकी तीन किंवा वर, किंवा धंद्याचं मान्य सर्टिफिकेट. या शेवटच्याला आपले लोक नाक मुरडतात. शेजारच्या मुलीने शाळेतच नर्स एडचं (नर्सच्या मदतनिसाचं) सर्टिफिकेट काढलं आणि कॉलेजभर स्वतःचा खर्च स्वतः केला. आमचा थोरला एपी स्कॉलर. तीन परीक्षांत तीन-तीन गुण मिळाले की होतो तो. कागद सुंदर आहे. पैसा एक मिळाला नाही.

– जोडभावी पेठ

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: नवी पेठ, कॅलिफोर्निया

एक कटू गोष्ट सांगते, रागावू नका. हे शिक्के डिप्लोम्यावर लागतात मे-जूनमध्ये. कॉलेजचे अर्ज जातात आदल्या नोव्हेंबर ते जानेवारीत. म्हणजे प्रवेश ठरवणाऱ्याच्या टेबलावर शिक्का नसतोच, असतात ते फक्त तुम्ही घेतलेले विषय आणि गुण. तेव्हा शिक्क्यासाठी विषय निवडू नका. विषय नीट निवडलेत तर शिक्का मागून येतो.

भाषेचं मात्र मनापासून करा. आमच्याकडे त्याला सील ऑफ बायलिटरसी म्हणतात. २०११ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने ते सर्वांत आधी आणलं, मग बाकीची राज्ये मागून आली. डिप्लोम्यावर सोनेरी शिक्का मारतात. माझ्या मुलीला मिळालं, पण स्पॅनिशमध्ये! एपीच्या भाषांत मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. मराठीसाठी तिला वेगळी परीक्षा द्यावी लागली असती आणि तिथेच आमचं घोडं पेंड खाऊ लागलं. आजीशी फोनवर तासभर बोलणारी मुलगी, 'क्ष' कसा काढायचा म्हणून मला विचारते. लिटरसी म्हणजे लिहिता-वाचता येणं, हे आम्हाला अकरावीत कळलं. तेव्हा फार उशीर झाला होता.

– नवी पेठ

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: यादी सांभाळणारा

धाग्यात शेंगाचटणीच्या दोन ऑर्डरी येऊन पडल्यात, त्या वेगळ्या विषयाखाली टाका. जोडभावीकर, टेक्ससमध्ये भाषेचा नियम नेमका काय, ते सांगाल?

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: जोडभावी पेठ, ह्यूस्टन

सांगतो. इंग्रजीचे सगळे विषय सरासरी ८० ने पुरे करायचे, हे झालं अर्ध. दुसऱ्या भाषेला पर्याय आहेत: तिच्यात चौथ्या पातळीपर्यंत शिकणं, एपीत तीन, आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट परीक्षेत) चार, किंवा राष्ट्रीय भाषा-परीक्षेत किमान 'इंटरमीजिएट हाय'. मराठीवाल्यांना शेवटचीच वाट. कुठली परीक्षा चालेल ते तुमच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या कचेरीला, आत्ताच लेखी विचारा. काउन्सेलरच्या तोंडी 'हो'वर विसंबू नका.

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: बाळीवेस, सोलापूर

मुलांनो, मी निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी सहा महिने लेकाकडे अमेरिकेत होतो, तेव्हापासून या यादीत अडकलोय.

'इंटरमीजिएट' वाचून मला हसू आलं. आमच्याकडे इंटरमीजिएट म्हणजे ड्रॉइंगची ग्रेड परीक्षा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. अ श्रेणी आली की दहावीच्या गुणांत सात, ब ला पाच, क ला तीन. त्या सात गुणांसाठी चित्रकलेला हातही न लावणारी पोरं वर्षभर स्थिरचित्राच्या सुरया रंगवायची. सॅटचंही तसंच. तुमच्याकडे ती कॉलेजप्रवेशाची परीक्षा. आमच्याकडे सॅट हा आठवीतल्या एनएमएमएस या गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचा दुसरा पेपर, शालेय विषयांचा. पहिला मॅट, बुद्धिमत्तेचा. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, मिळाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरी एवढ्या पैशाने पोर शाळेत टिकतं. माझ्या वर्गातली दोन टिकली, तिसऱ्याचा दाखला वेळेत मिळाला नाही. त्याने नवव्या इयत्तेत कांड्या भरायला सुरुवात केली.

पण मूळ मुद्दा लिहिण्याचा. माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलायची, पद्मशाली वस्ती आहे ना. काही कन्नड, काही उर्दू. मधल्या सुट्टीत एकच पोरगं चार भाषांत भांडायचं. फळ्याजवळ आलं की मराठी. घरच्या भाषेतलं एक अक्षर लिहिता यायचं नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. इतकी वर्षं शिकवून हे मला कॅलिफोर्नियाच्या बाईंच्या पत्रात आज दिसलं. तुमच्या मुलांची मराठी म्हणजे आमच्या पोरांची तेलुगू.

साखरपेठताई, मुलगा इथे आहे तोवर त्याला सकाळी आठला माझ्याकडे पाठवा. ऊन चढायच्या आत दीड तास. फी नाही. दुरेघी वही आणा, चौरेघी नको, ती इंग्रजीची.

– बाळीवेस

*

उत्तर: नववीचा फॉर्म
प्रेषक: साखर पेठ

सगळ्यांचे आभार, विशेषतः सरांचे. फॉर्मवर स्टेम लिहिलं. त्याचं त्यानेच ठरवलं, अल्जिब्रा टू घ्यायचंच आहे म्हणाला. भाषा-परीक्षेबद्दल डिस्ट्रिक्टला मेल टाकलाय, उत्तर यायचंय.

वही आली. पहिले तीन दिवस रडारड, 'ळ' उलटा, 'श' आणि 'ष' मध्ये मारामारी. चौथ्या दिवशी सरांनी वही मिटून त्याला रस्त्यावर काढलं. दुकानांच्या पाट्या वाचत टिळक चौकापर्यंत जायचं, चुकला की पाटी पहिल्यापासून. 'चादरी व टॉवेलचे ठोक व्यापारी' वाचायला सात मिनिटं लागली म्हणे. दुकानदाराने बाहेर येऊन पाणी पाजलं.

काल संध्याकाळी कट्ट्यावर शेजारच्या काकू आल्या. विड्यांची टोपली मांडीवर, हजार पुरे करायच्या होत्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड, कारखान्यात हिंदी. मुलाने विचारलं, "आजी, तुम्हाला तेलुगू लिहिता येतं?" म्हणाल्या, "न्हाई रे बाळा. मी शाळेत गेलेच न्हाई, अंगठाच लावते." मग त्याने फुशारकीने आपला शिक्क्याचा सगळा कायदा त्यांना समजावला. दोन भाषा आल्या की डिप्लोम्यावर नोंद होते वगैरे.

काकूंचा हात थांबला नाही. पान कातरता कातरता म्हणाल्या, "दोनाला शिक्का? मग माझ्या विडी कार्डावर चार मारायला सांग की."

– साखर पेठ

ता. क. जूनअखेर परततेय. बॅगेत चार किलोची जागा आहे, शेंगाचटणी हवी त्यांनी वेगळ्या विषयाखाली लिहा, नाहीतर यादीवाले पुन्हा रागावतील.