'एक्स्ट्रा व्हेरिएबल पास करणे': मराठीत काय म्हणाल?

चौकस: नव्या मुलांसाठी अन्सिबलची (अनेक सर्व्हरांची कामं आपोआप करून घेणारं साधन) टिपणं मराठीत लिहितोय. एका वाक्याशी अडलोय. प्लेबुक (कामांची यादी लिहिलेली फाइल) चालवताना कमांडमध्ये 'डॅश ई' लिहून जे देतो, ते 'एक्स्ट्रा व्हार्स'. मी लिहिलं, 'जादा चल पास करा'. शेजारच्याने वाचून विचारलं, कितवीत?

गणितवाली: 'चल' बरोबर आहे. दहावीच्या बीजगणितात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' आहेच. फक्त 'चल दे' लिहू नका, वाचणारा चपला शोधायला लागेल. 'चलाला किंमत द्या' म्हणा.

सर्व्हरवाला: तोंडी आम्ही 'व्हेरिएबल पाठव' म्हणतो, 'पास' सोडाच. माझा आक्षेप 'जादा'वर आहे. जादा गाडी सोडली म्हणून नेहमीची रद्द होत नाही. इथे होते! अन्सिबलमध्ये एकाच व्हेरिएबलला किंमत वीसेक ठिकाणांहून मिळू शकते: रोलचे (तयार कामांच्या गठ्ठ्याचे) डीफॉल्ट, इन्व्हेंटरी (सर्व्हरांची यादी), प्लेबुक, काय काय. कोणाचं चालणार याची उतरंड ठरलेली आहे आणि डॅश ई तिच्या टोकाला. प्लेबुकात पोर्ट ८०८० असू दे, कमांडवर ९०९० दिलंत की ९०९०च. म्हणून 'वरून दिलेली किंमत'. पुरणपोळीवर वरून तूप घालतो तेही 'वरून', आणि 'वरून फोन आलाय' तेही 'वरून'. डॅश ई हा दुसऱ्या जातीचा.

चौकस: झकास. पण दर ओळीला 'वरून दिलेली किंमत' लांबतं. 'वरकड' चालेल?

गणितवाली: नको. वरकड खर्च म्हणजे मुख्य सोडून बाकीचा. पुन्हा 'जादा'च झालं. 'वरचढ' बघा.

सर्व्हरवाला: वरचढ किंमत! भाजीबाजारात ऐकू आल्यासारखं वाटतं, पण अर्थ चोख आहे. शीर्षकात 'वरचढ', वाक्यात 'वरून'.

चौकस: आणि 'स्ट्रिंग'?

सर्व्हरवाला: 'मजकूर'. आणि हे टिपणात ठळक लिहा, माझी एक दुपार यात गेली आहे. बॅकअप नको होता म्हणून कमांडवर 'बॅकअप=फॉल्स' दिलं. बॅकअप सुरूच, डिस्क भरत चाललेली. मी इन्व्हेंटरी उपसतोय, यॅमल (ज्या पद्धतीने प्लेबुक लिहितात त्या फाइली) उपसतोय. 'नाव=किंमत' असं दिलेलं सगळं मजकूर म्हणून जातं, हे डोक्यातच नव्हतं. मला वाटलं मी 'नाही' म्हटलं. यंत्राला मिळाली पाच रोमन अक्षरं. रिकामा नसलेला मजकूर अटीत होकारच ठरला. अटीत 'बूल' फिल्टर (मजकुराचं खरं हो-नाही करणारा) लावला तेव्हा थांबलं. जेसनमध्ये (डेटा लिहायची आणखी एक पद्धत) दिलं असतं तर खरा फॉल्स पोचला असता.

गणितवाली: म्हणजे 'नाही' हा शब्द आणि नकार या दोन गोष्टी.

सर्व्हरवाला: हो, पण याचा फायदाही होतो. आवृत्ती १.१० ही यॅमल फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलीत तर ती दशांश संख्या ठरते, शेवटचं शून्य गळतं आणि १.१ उरते. तीच कमांडवर 'नाव=किंमत' करून द्या, शून्यासकट पोचते.

चौकस: मग टिपणात असं टाकतो: 'चलाला कमांडवर वरून दिलेली किंमत बाकी सगळ्या किमतींना वरचढ ठरते; नाव=किंमत असं दिल्यास ती मजकूर म्हणून पोचते.' शेजारच्याला दाखवलं. म्हणाला, आता कळलं, पण 'पोचते' की 'पोहोचते'?